परवडणाऱ्या घरांसाठी हरकत-सूचना दाखल करताना : माझा अनुभव

शहराची प्रारूप विकास योजना, म्हणजे कुठे घरं, रस्ते, बगीचे येणार हे सांगणाऱ्या आराखड्याचा मसुदा, प्रसिद्ध झाली की हरकती-सूचनांसाठी साधारण 30 दिवस मिळतात. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 26 मध्ये ही तरतूद आहे. मुदत राजपत्रातल्या नोटिशीच्या तारखेपासून मोजली जाते. वस्तीत बातमी पोहोचेपर्यंत त्यातले बरेच दिवस निघून गेलेले असतात, म्हणून पहिल्याच दिवशी नोटिशीची प्रत काढून शेवटची तारीख भिंतीवर लावावी.

हरकत फक्त जमीनमालकाने घ्यायची, असा समज पक्का बसलेला आहे. कायद्यात तशी अट नाही. भाडेकरू, झोपडीधारक, रहिवासी संघ, कोणीही अर्ज करू शकतो. घरांच्या आरक्षणाबाबत, म्हणजे योजनेत घरांसाठी राखून ठेवलेल्या जागांबाबत, तर हे फारच महत्त्वाचं. ‘आमच्या जमिनीवरचं आरक्षण उठवा’ असे अर्ज न सांगता येतात. ‘हे आरक्षण ठेवा’ म्हणणारा अर्ज कोणी देत नाही. मग सुनावणी घेणाऱ्या नियोजन समितीसमोर एकच बाजू जाते. आरक्षण योग्य जागी असेल तर पाठिंब्याचा अर्जही लेखी द्यायलाच हवा.

अर्ज लिहिण्याआधी दोन नकाशे शेजारी ठेवून पाहते : विद्यमान जमीन वापर आणि प्रस्तावित जमीन वापर. बहुतेक घोळ पहिल्या नकाशात असतो. वर्षानुवर्षांची चाळ किंवा वस्ती तिथे मोकळी जागा म्हणून दाखवलेली असते आणि मग तिच्यावर रस्ता किंवा बगीचा पडतो. मुंबईच्या 2034 पर्यंतच्या विकास योजनेचा पहिला मसुदा फेब्रुवारी 2015 मध्ये आला, तेव्हा चुकांवरून एवढा गदारोळ झाला की एप्रिलमध्ये सरकारने तो नव्याने करायला लावला. विद्यमान वापराची चूक दाखवायला भाषण लागत नाही. मालमत्ता कराची पावती, वीजबिल, जागेचे फोटो आणि सातबारा किंवा मालमत्ता पत्रक एवढं जोडलं की भागतं. सर्व्हे, गट किंवा सिटी सर्व्हे नंबर मात्र अचूक हवा. तो चुकला तर अर्ज भलत्याच जागेला लागतो.

एका अर्जात एकच आरक्षण, एकच मागणी, हा माझा आग्रह असतो. वर आरक्षण क्रमांक, नकाशाचा भाग, जमिनीचा क्रमांक. खाली मागणी एका वाक्यात. त्याखाली कारण आणि पुरावे. ‘गरिबांना घरं द्या’ एवढ्यावर समिती फार तर नोंद घेऊ शकते. ‘अमुक क्रमांकाची जागा परवडणाऱ्या घरांसाठी आरक्षित करा, कारण ती पालिकेच्याच मालकीची आहे आणि बसमार्गाला लागून आहे’ यावर तिला हो किंवा नाही म्हणावंच लागतं. शेकडो सह्यांचा छापील मजकूर सुनावणीत एकगठ्ठा घेतला जातो. त्यापेक्षा वेगवेगळ्या मुद्द्यांचे थोडे अर्ज जास्त काम करतात.

घरांचं क्षेत्रफळ वाढवा, ही मागणी इथे सहसा वाया जाते. मोठ्या महापालिकांत 4,000 चौरस मीटर आणि त्यापुढच्या भूखंडावरच्या प्रकल्पात मूळ चटईक्षेत्राच्या, म्हणजे भूखंडावर मुळात मान्य असलेल्या बांधकामाच्या, 20 टक्के घरं लहान ठेवायची, ती 30 ते 50 चौरस मीटरची असावीत, हे राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत ठरलेलं आहे. पालिकेच्या नकाशावर हरकत घेऊन ते बदलत नाही.

खर्चाचा अंदाज मात्र वाचल्याशिवाय अर्ज देऊ नये. भूसंपादनाला अंदाजे किती पैसे लागतील, हे योजनेसोबत प्रसिद्ध करावं लागतं. लोक नकाशावरचा रंग पाहून खूश होतात आणि हे पान सोडून देतात. योजना अंमलात आल्यापासून 10 वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही तर मालक कलम 127 खाली नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतरच्या 24 महिन्यांतही संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण रद्द होतं. घरांचं आरक्षण खाजगी जमिनीवर आणि तिजोरीत पैसा नाही, अशी स्थिती असेल तर ते कागदावरच राहण्याची भीती मोठी. त्यामुळे शक्य तिथे सरकारी किंवा पालिकेची जमीन सुचवावी आणि ही घरं पहिल्या टप्प्यात घ्या, असंही लिहावं.

अर्ज दोन प्रतींत द्यायचा; आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. सुनावणीला हजर राहायचं आहे, हे अर्जातच लिहावं.

सुनावणी नियोजन समितीपुढे होते : स्थायी समितीचे तीन सदस्य आणि शासनाने नेमलेले जास्तीत जास्त चार तज्ज्ञ. बोलायला काही मिनिटंच मिळतात. मागणी आधी, कारण नंतर, पार्श्वभूमी विचारली तरच. नकाशाचा तेवढा तुकडा मोठा करून, जागा रंगवून, सात प्रती नेल्या की प्रत्येकाच्या हातात कागद पडतो.

पालिकेने सुधारित योजना शासनाकडे पाठवली की बरेच जण थांबतात, आणि नेमकी तिथेच आरक्षणं निसटतात. शासनाला सारभूत, म्हणजे मोठे, बदल करायचे असतील तर तो भाग मंजुरीतून वगळून त्यावर पुन्हा हरकती मागवल्या जातात. आपला आरक्षण क्रमांक त्या वगळलेल्या भागांच्या यादीत शोधायचा, आणि सापडला तर नवा अर्ज द्यायचा. आधीच्या अर्जाची पोच त्याला जोडायची.