सायकलीला तिकीट नसते

कथाकथनाचे दौरे सायकलीने करायचे असे मी अकरा वर्षांपूर्वी ठरवले, तेव्हा मला भीती वाटली होती ती चढाची, पावसाची आणि घसा बसण्याची. यांपैकी कशानेही मला फारसे अडवले नाही. अडवले ते एका लेखा कार्यालयातील छापील अर्जाच्या एका चौकटीने, आणि तेही थोडेथोडके नव्हे, तर चांगले 47 दिवस.

दौरा 12 दिवसांचा होता. 10 शाळा, 2 वाचनालये आणि एकूण 430 किलोमीटर. आमंत्रण रीतसर आले, तारखा जुळल्या, मुले ऐकत बसली आणि मी सुखरूप परतले. सगळे नीट पार पडल्यामुळे त्याविषयी सांगण्यासारखे फारसे उरलेले नाही. पण अशा दौऱ्यावर निघण्याचा विचार करणाऱ्यांसाठी दोन गोष्टी आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी कार्यालयात शिरले की त्या राहून जातील.

पहिली गोष्ट दुर्बिणीची, कारण वाटेत मी पक्षीही पाहते. सायकल दामटून आल्यावर छाती धपापत असते आणि हात स्थिर नसतात. दहा पटीची दुर्बीण पक्ष्याला जितकी मोठी करते तितकीच हाताच्या कंपालाही मोठी करते. म्हणून मी 8×42, म्हणजे आठ पटीची आणि 42 मिलिमीटरच्या भिंगाची, वापरते. 42 ला आठाने भागले की डोळ्यात शिरणारा प्रकाशाचा झोत सव्वापाच मिलिमीटरचा भरतो, आणि पहाटेच्या अंधूक उजेडात तो उपयोगी पडतो. दुर्बीण एकाच पट्ट्याने गळ्यात अडकवू नये, ती पुढे झुकलेल्या छातीवर लोंबकळून आदळत राहते. दोन्ही खांद्यांवरून जाणारे पट्टे घ्यावेत. आणखी एक म्हणजे पक्षी दिसताच करकचून ब्रेक दाबू नये. चालत्या सायकलीला पक्षी सहसा भीत नाहीत. ते बिचकतात ती सायकल थांबल्यावर. त्याच्याकडे न बघता सरळ पुढे जावे, बरेच अंतर गेल्यावर थांबावे आणि मग मागे वळून पाहावे.

दुसरी गोष्ट श्वासाची. सामानाने लादलेली सायकल ताशी 14-15 किलोमीटरच्या वर जात नाही, त्यामुळे सकाळी 40 किलोमीटर तोडून शाळेत पोहोचल्यावर लगेच गोष्ट सुरू करण्याचा मोह टाळावा. किमान अर्धा तास गप्प बसावे, नाहीतर वाक्याच्या शेवटी आवाज फाटतो आणि मागच्या रांगेतली मुले आपापसात बोलू लागतात. मी सूर्योदयालाच निघते. पक्षी सर्वांत जागे असतात ते पहिल्या दोन तासांत, आणि पुढचा वेळ हाताशी राहतो. एकदा माळावर एक कापशी घार हवेत एका जागी पंख फडफडवत थांबलेली मी पाहिली. खाली झेपावण्याआधीचा तो क्षण तिने इतका लांबवला की माझाच श्वास अडकला. त्या दिवसापासून गोष्टीत लांडगा दारात येतो तिथे मीही तशीच थांबते.

आता त्या चौकटीकडे येते.

दौरा संपल्यावर मानधन आणि प्रवासखर्च यांचे एकत्रित देयक सादर करायचे होते. अर्ज साधा होता. व्यवसाय या रकान्यात मी ‘कथाकथनकार’ लिहिले, त्यावर खिडकीतल्या लिपिकांनी “व्याख्याते लिहिले तर चालेल का?” असे विचारले, चालणार नव्हते, पण तो मुद्दा आमच्यात सामोपचाराने मिटला. त्याखाली प्रवासाचे साधन विचारले होते आणि उत्तरे आधीच छापलेली होती : बस, रेल्वे, मोटार. बाजूला वाहन क्रमांक, आणि त्याखाली ‘तिकीट अथवा इंधनाची पावती जोडावी’ अशी सूचना. मी तिन्ही पर्यायांच्या पुढे सुवाच्य अक्षरात ‘सायकल’ लिहिले.

“तिकीट?” त्यांनी विचारले.

“सायकलीला तिकीट नसते.”

“मग पेट्रोलची पावती तरी?”

ते थट्टा करत नव्हते. संगणकातली चौकट रिकामी ठेवली तर पुढचे पान उघडत नव्हते आणि पुढचे पान उघडले नाही तर माझे देयक अस्तित्वातच येत नव्हते. मी परत फिरले. निघताना एवढेच दिसले की खिडकीच्या वरच्या झरोक्यात एक चिमणा, म्हणजे गळ्याखाली काळा ठिपका मिरवणारा नर, चोचीपेक्षा तिप्पट लांबीची काडी आडवी धरून आत शिरायची खटपट करत होता. काडी दोन्ही बाजूंना अडत होती. चौथ्या प्रयत्नात त्याने ती टोकाकडून धरली आणि तो आत गेला. ती युक्ती मला सुचायला पुढचा महिना लागला.

आठ दिवसांनी मी नवा अर्ज नेला. त्यात प्रवासखर्च सोडून दिला होता आणि फक्त मानधन मागितले होते. मला वाटले, आपण पैशावर पाणी सोडतो आहोत म्हटल्यावर हरकत कोण घेणार? हरकत आली, आणि लेखी आली. ‘प्रवासाचा पुरावा जोडलेला नसल्याने उपस्थिती सिद्ध होत नाही’ असा शेरा मारून अर्ज परत आला. म्हणजे मी गेले कशी हे दाखवता येत नसेल तर मी गेलेच नव्हते. ज्या मुलांनी मला गोष्ट अर्ध्यावर थांबवून “मग पुढे?” असे बारा ठिकाणी विचारले, त्यांनी ते बहुधा हवेला विचारले होते.

इथे माझीही एक चूक होती, ती कबूल करते. प्रत्येक ठिकाणाहून उपस्थितीचे पत्र घ्यायचे असे मी ठरवले होते, पण बारापैकी नऊच पत्रांवर शिक्का होता आणि त्यांतल्या दोनांवर तारीख नव्हती. कार्यक्रम संपल्यावर मुलांचा गराडा पडतो, मुख्याध्यापकांना कुणीतरी बोलावून नेते आणि शिक्का कुलुपात राहतो. म्हणून पत्र गोष्ट सुरू होण्याआधीच घ्यावे. श्वास जुळवण्यासाठी जो अर्धा तास गप्प बसायचा असतो, तो याच कामी लावावा.

तिसऱ्या खेपेला लिपिकांनी आवाज खाली आणून मला मार्ग दाखवला. “मॅडम, ओळखीच्या कुणाच्या तरी मोटारीचा नंबर टाका. सगळे तसेच करतात. कोण बघायला येतो?” त्यांचा हेतू वाईट नव्हता, त्यांनाही तो कागद टेबलावरून हलवायचा होता. पण मी भडकले. 430 किलोमीटर मी माझ्या पायांनी काढले होते, त्यातले शेवटचे 60 वाऱ्याच्या तोंडावर, आणि ते कुणाच्या तरी दारात उभ्या असलेल्या मोटारीच्या नावावर लावायचे? मी नकार दिला, आणि जरा मोठ्याने दिला, याचा मला आजही पुरेसा पश्चात्ताप होत नाही.

त्यानंतरच्या खेपांमध्ये मी चिऊकाऊच्या गोष्टीतला कावळा झाले होते. लहानांना ही गोष्ट मी शेकडो वेळा सांगितली आहे. पावसात भिजणारा कावळा दार उघडायला सांगतो आणि आतून चिऊताई, थांब, माझ्या बाळाचे हे व्हायचे आहे, थांब, ते व्हायचे आहे, अशी एकेक सबब सांगत राहते. इथे आतून येणारी उत्तरे अशी होती : साहेब बैठकीत आहेत, साहेब जेवायला गेले आहेत, साहेब आहेत, पण नस्ती (म्हणजे फाइल) वरच्या मजल्यावर आहे, नस्ती खाली आली आहे, पण साहेब वर गेले आहेत. मुलांसमोर मी आजवर नेहमी चिऊताईची बाजू घेत आले. आता तो कावळा मला बिचारा वाटतो.

वर झरोक्यात मात्र काम ठरल्या गतीने चालले होते. काड्या नेणे थांबले. मग काही दिवस मादी दिसेनाशी झाली आणि नर तेवढा कडेवर बसून चिवचिवत राहिला. 31 व्या दिवशी दोघेही हिरव्या अळ्या चोचीत धरून येऊ लागले. चिमणी दाणे टिपते हे सगळ्यांना ठाऊक असते, पण पिल्ले लहान असताना ती त्यांना मुख्यतः किडे-अळ्याच भरवते. त्या बाकावर बसून मी फेऱ्या मोजल्या : 20 मिनिटांत 11. त्याच 20 मिनिटांत खिडकीतून एकही कागद आत किंवा बाहेर गेला नाही.

त्याच दिवशी मी ती गोष्ट केली जी पहिल्या दिवशी करायला हवी होती. मी नियम दाखवायला सांगितले. ‘नियमात बसत नाही’ हे वाक्य मी चार वेळा ऐकले होते, पण तो नियम कुणी वाचून दाखवला नव्हता आणि मीही मागितला नव्हता. पुस्तिका आली. त्यात प्रवासाच्या कलमाखाली असे लिहिले होते की स्वतःच्या वाहनाने प्रवास केल्यास वाहनाचा क्रमांक आणि दिवसवार अंतराची नोंद असलेले स्वयंघोषणापत्र पुरेसे मानावे. वाहनाला इंजिन असावे असे कुठेही म्हटलेले नव्हते. काडी टोकाकडून धरायची होती.

दिवसवार नोंद माझ्याकडे होती. मी दौऱ्यावर एक वही ठेवते. डाव्या पानावर निघण्याची वेळ, रस्ता आणि किलोमीटर, उजव्या पानावर वाटेत दिसलेले पक्षी, त्यांची संख्या आणि वेळ. ही सवय पक्ष्यांनी लावली, कारण पक्षी किती दिसले याला किती वेळ आणि किती अंतर पाहिले याची जोड नसेल तर त्या आकड्याला अर्थ उरत नाही. ‘ईबर्ड’ या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी टाकतानाही सुरुवातीची वेळ, लागलेला काळ आणि प्रवास करत पाहिले असेल तर अंतर द्यावे लागते. लेखापालांनी ती वही समोर ओढली आणि बोट ठेवत वाचू लागले. ‘6.10, तलावाचा बांध, मोठे बगळे 3.’ ‘7.25, कापशी घार 1, तारेवर.’ सहाव्या पानावर त्यांचे बोट थांबले. वाचनालयाच्या पोटमाळ्यात मला संध्याकाळी गव्हाणी घुबड दिसले होते, त्याची नोंद होती.

“हे पांढऱ्या तोंडाचे?” त्यांनी विचारले.

“हो. बदामाच्या आकाराचा चेहरा.”

“आमच्या जुन्या दप्तरखान्यात होते,” ते म्हणाले आणि त्यांनी पान उलटले. पुढची सहा पाने त्यांनी वाचली नाहीत. “नोंद ठीक आहे. वाहन क्रमांक लिहा.”

सायकलीला वाहन क्रमांक नसतो असे म्हणायला मी तोंड उघडले आणि मिटले. सायकलीला क्रमांक असतो. बहुतेक सायकलींच्या सांगाड्यावर, पायडल ज्या आसाभोवती फिरतात त्या नळीच्या खालच्या बाजूला, तो ठोकलेला असतो. पण अकरा वर्षांत मी तो एकदाही वाचला नव्हता. 40 व्या दिवशी मी कार्यालयाच्या पायऱ्यांजवळ सायकल उलटी करून सीटवर आणि हँडलवर उभी केली. त्या नळीवर चिखल, ग्रीस आणि धूळ यांचा नखभर जाडीचा थर बसला होता. नाण्याच्या कडेने मी तो खरवडला, पाण्याची बाटली रिकामी केली आणि रुमालाने पुसले. एक इंग्रजी अक्षर आणि त्यापुढे आकडे दिसू लागले, पण मधला आकडा तीन की आठ हे काही केल्या ठरेना. इतक्यात लिपिक बाहेर आले, गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी मोबाइलचा दिवा अगदी तिरपा धरला. सरळ उजेडात जो खोलगटपणा दिसत नाही तो तिरप्या सावलीत दिसतो. “आठ,” ते म्हणाले. मग आत जाऊन त्यांनी तो क्रमांक चौकटीत भरला आणि खिडकीतून मला बोलावले, “मॅडम, घेतला बघा!” पुढचे पान उघडले होते.

सात दिवसांनी सातव्यांदा गेले ती सही करायला. मानधन मिळाले, प्रवासखर्चही मिळाला. या सात खेपांचे 196 किलोमीटर झाले, ते अर्थातच कुठेही मांडता आले नाहीत. झरोक्यातली पिल्ले उडून गेली होती आणि तो चिमणा, किंवा त्याच्यासारखाच दुसरा एखादा, पुन्हा काड्या आणू लागला होता. चिमण्या एका हंगामात दोन-तीनदा वीण करतात. खिडकीजवळच्या पंख्याच्या बटणावर कुणीतरी कागद चिकटवून ‘चालू करू नये’ असे लिहिले होते. अक्षर माझ्या अर्जावरच्या शेऱ्याचेच होते.

एक सांगायचे राहिले. कार्यालयात दिलेल्या प्रत्येक कागदाची दुसरी प्रत जवळ ठेवावी आणि तिच्यावर आवक क्रमांकासह पोच घ्यावी. माझा दुसरा अर्ज मध्यंतरी सापडत नव्हता, तो त्या क्रमांकामुळेच सापडला. आणि सांगाड्यावरचा क्रमांक सायकल नवी आणि स्वच्छ असतानाच वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घ्यावा. माझा आता तोंडपाठ आहे, पाचव्या जागी आठ.