हाड बसवलं, पुढचं कोण बघणार?

आईच्या डिस्चार्ज कार्डावर सगळं होतं. डाव्या खुब्याचं हाड मोडलं, बायपोलर बॉल म्हणजे कृत्रिम गोळा बसवला, टाके अमुक तारखेला काढायचे, मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही, वॉकरशिवाय उठायचं नाही. सगळ्यात खाली कॅल्शियमची गोळी, एक महिना. हाड मुळात मोडलं कशानं, याबद्दल एक अक्षर नव्हतं.

"कशानं म्हणजे? पडल्या ना आजी," सिस्टर म्हणाल्या. पडली, हे खरंच. पण जिन्यावरून गडगडली नव्हती की गाडीनं उडवलं नव्हतं. देवघरासमोरून उठताना पाय साडीत अडकला आणि ती उभ्याउभ्या कुशीवर आली. एवढ्यानं खुब्याचं हाड मोडत असेल तर ते आधीच ठिसूळ झालेलं असतं. अशा फ्रॅक्चरलाच डॉक्टर ऑस्टिओपोरोसिसचं निदान मानतात, तपासणीत आकडा काहीही येवो. काही वर्षांपूर्वी तिचं मनगटही असंच अंगणात घसरून मोडलं होतं. तेव्हा प्लास्टर घातलं, काढलं, विषय मिटला.

ऑपरेशनबद्दल मला तक्रार नाही. दाखल केल्यावर लगेच झालं, आणि दुसऱ्याच दिवशी फिजिओथेरपीच्या मुलीनं तिला धरून उभं केलं. आमचे काका केवढे चिडले! "टाके ओले आहेत अजून!" पण त्या वयात पडून राहिलं की छातीत कफ भरतो, पायात रक्ताच्या गाठी होतात, पाठीला जखमा होतात. आई रडत रडत खिडकीपर्यंत गेली आणि परत आली.

खरी पायपीट पुढे सुरू झाली. टाके काढायला गेलो तेव्हा मी सर्जनना विचारलं, हाडं ठिसूळ आहेत त्याचं काय करायचं? "वय झालंय. दूध द्या, कॅल्शियम चालू ठेवा." आमचे फॅमिली डॉक्टर म्हणाले, हाडांचं ऑर्थोलाच विचारा. म्हणजे हाड मोडलं तर ते एका खात्यात, आणि पुढचं मोडू नये म्हणून काय करायचं ते कुठल्याच खात्यात नाही. ग्लासगोमध्ये 1999 पासून याच कामासाठी वेगळी सेवा आहे. पन्नाशीपुढचा कुणी हाड मोडून आला की नर्स त्याला गाठते, हाडांची घनता तपासायला लावते, औषध सुरू होतंय ना ते बघते. आमच्या घरात ती नर्स मी झाले.

शेवटी त्या फिजिओच्याच सांगण्यावरून एका हार्मोनतज्ज्ञ बाईंकडे गेलो. त्यांनी फाईल बाजूला ठेवली आणि आईला पहिलाच प्रश्न केला, "पाळी कधी गेली?"

"गेली कुठली? पिशवीच काढली की. छत्तिसाव्या वर्षी."

"अंडाशयं ठेवली का काढली?"

आईला काय माहीत! घरी येऊन ट्रंकेतली प्लास्टिकची पिशवी काढली. तिच्यात रेशनकार्डाच्या झेरॉक्सखाली तो पिवळा पडलेला कागद निघाला. दोन्ही काढली होती. अंडाशयं गेली की इस्ट्रोजेन एकदम बंद होतं आणि हाडांची झीज सुरू होते, जी एरवी पन्नाशीच्या आसपास व्हायची. तक्रार होती अंगावरून पांढरं जाण्याची. तेवढ्यावर पिशवी काढायची तेव्हा आमच्या भागात सर्रास पद्धत होती. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण 2019 मध्ये गाजलं, सरकारनं समिती नेमली. त्या बायका साठीला टेकतील तेव्हा त्यांच्या खुब्याचं आणि मणक्यांचं काय होणार, हे कुणी मोजतंय की नाही देव जाणे.

बाईंनी आईची उंची मोजली आणि पाठीचा एक्सरे काढायला सांगितला. एक मणका दबलेला निघाला. "कंबर भरते" म्हणून आई वर्षभर बाम चोळत होती, तो हा मणका. रक्तात कॅल्शियम, किडनीसाठी क्रिएटिनिन, थायरॉइड बघितलं. ड जीवनसत्त्व 11 निघालं, 20 च्या खाली कमतरता मानतात. जन्मभर शेतात उन्हात राबलेली बाई, पण गेली काही वर्षं दाराबाहेर पडत नव्हती आणि पडली तरी अंगभर पदर. 60,000 युनिटची पुडी आठवड्यातून एकदा, जेवण झाल्यावर दुधातून सुरू केली. रात्रीची झोपेची गोळी मात्र बाईंनी तिथल्या तिथे कमी करायला घेतली. अशा गोळीच्या गुंगीत बाथरूमला उठून पडणारे कितीतरी असतात.

डेक्सासाठी, म्हणजे हाडांची घनता मोजायला, पुण्याला जावं लागलं. आईनं एमआरआयचा धसका घेतलेला, पण इथं बोगदा नाही, आवाज नाही. टेबलावर पडून राहायचं, वरून एक दांडा सरकतो. ऑपरेशनचा खुबा सोडून दुसरा खुबा आणि मणका मोजला. टी-स्कोअर म्हणजे तरुण हाडांच्या तुलनेत घनता किती कमी, तो आकडा. तो उणे 2.5 किंवा त्याखाली गेला की ऑस्टिओपोरोसिस. आईचा मणक्याचा उणे 3.4. ऑपरेशनचं बिल मेडिक्लेमनं दिलं होतं. हा खर्च मात्र आमच्या खिशातून, कारण ही ओपीडीतली तपासणी.

औषधात आठवड्याला एक गोळी असा एक पर्याय होता. उपाशीपोटी पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि अर्धा तास आडवं व्हायचं नाही. आईला पित्ताचा जुना त्रास, म्हणून वर्षातून एकदा शिरेतून द्यायचं झोलेड्रॉनिक अॅसिड ठरलं. मोडलेल्या खुब्याच्या ऑपरेशननंतर 90 दिवसांच्या आत ते दिलेल्या रुग्णांत पुढची फ्रॅक्चर्स 35 टक्क्यांनी कमी झाल्याचा अभ्यास 2007 मध्येच आलाय, असं बाई म्हणाल्या. आधी ड जीवनसत्त्व भरून काढायचं, किडनी ठीक आहे ना बघायचं आणि दात दाखवायचे. क्वचित या औषधानं दात काढल्यावर जबड्याचं हाड भरत नाही, म्हणून काढायचा दात आधीच काढून घ्यायचा. आईची एक मोडकी दाढ निघाली. "मोडला पाय आणि काढताय दात," ती डेंटिस्टला म्हणाली. जखम भरेपर्यंत थांबलो.

इंजेक्शन म्हणजे छोटी सलाईन, अर्ध्या तासात सुटका. रात्री थंडी वाजून ताप आला, अंग ठणकलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "रिअॅक्शन आहे, परत देऊ नका हो." पण पहिल्या डोसला असं होतं हे बाईंनी आधीच सांगून पॅरासिटामॉल लिहून दिलं होतं. दोन दिवसांत उतरलं. तिथंच बाकावर भेटलेल्या एका आजींना दर सहा महिन्यांनी घ्यायचं वेगळंच इंजेक्शन, डेनोसुमॅब, चालू होतं. मुलगा परगावी म्हणून त्यांचा एक डोस चुकला होता. त्या औषधाचं दुखणंच हे, की मध्येच सोडलं तर झीज उलट जास्तच वेगानं होते आणि मणके दबतात. ज्यांच्या घरी तारखा सांभाळणारं कुणी नाही, त्यांना ते देताना डॉक्टरांनी दहादा विचार करावा असं माझं मत.

घरात बाथरूमला दांडा बसवला, पलंगाजवळ रात्रीचा दिवा लावला, जुन्या साडीची पायपुसणी उचलली. साडीवरून मात्र भांडण झालं. घरात गाऊन घाल म्हटलं तर आई दोन दिवस बोलली नाही. मग घोट्याच्या वर नेसण्यावर तडजोड झाली. आता सकाळी नाचणीची आंबील, दोन वेळा दूध आणि खुर्चीतून हात न टेकता उठण्याचा व्यायाम. हा व्यायाम ती फक्त नातू मोजायला असला तरच करते.

पुढचं इंजेक्शन मार्चमध्ये आहे, त्याआधी क्रिएटिनिन परत करायचं. आणि दिवाळीनंतर धाकट्या मावशीला पुण्याला न्यायचंय. तिची पिशवी तर बत्तिसाव्या वर्षीच काढलीय. ती म्हणते, "मी कुठं पडलेय?"