गायब झालेला रबरबँड

आमच्या जादू-मंडळाचं स्नेहसंमेलन दर जानेवारीत, हॉस्पिटलच्या ऑक्युपेशनल थेरपी विभागात, म्हणजे आजारानंतर रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून उपचार देतात तिथे. दीपप्रज्वलन, अहवाल, शाल-नारळ वीस मिनिटांत उरकतं. कमलाबाई निंबकरांच्या फोटोला मात्र हार असतोच. जन्माने अमेरिकन असलेल्या या बाईंनी १९५० साली मुंबईच्या केईएममध्ये या शास्त्राचं शिक्षण सुरू केलं. दुसरा अमेरिकन जादूगार डेव्हिड कॉपरफील्ड. पेशंटना जादू शिकवण्याचा त्याचा उपक्रम १९८२ चा, आम्हाला सुचलं ते त्यावरूनच. त्याचाही फोटो लावावा हा माझा ठराव दोनदा पडला आहे.

मग पेशंट जादू दाखवतात आणि माझा रुमाल (साधाच) खिशाबाहेर येतो. अर्धांगवायू झालेल्या माणसाला ‘पन्नास वेळा मूठ उघडा-मिटा’ म्हटलं, तर दहाव्याला वैतागतो. तोच माणूस, रबरबँड पहिल्या दोन बोटांवरून शेवटच्या दोन बोटांवर उडवायचा म्हटलं की रात्री पांघरुणाखाली सराव करतो. मूठ नीट मिटून सफाईने उघडली तरच बँड उडतो. कसा, ते सांगणार नाही; शपथ आम्हालाही आहे आणि पेशंटनाही.

मागच्या वर्षी एक रिक्षावाले काका उभे राहिले. डावा हात अजून जड. दोनदा जमेना. तिसऱ्यांदा बँड सुटला तो थेट पहिल्या रांगेत, सिस्टरच्या मांडीवर. काका रिकामा पंजा दाखवत म्हणाले, “बघा, गायब!” काय टाळ्या पडल्या! त्या गोंगाटात त्यांनी खिशातून दुसरा बँड काढून चढवला आणि तो बरोब्बर उडाला. बहुतेकांचं लक्षच नव्हतं. मी पाहिला.

पाहायला होतं कोण म्हणा! कागदावर सभासद बेचाळीस, हजर अकरा. एका नामवंत जादूगारांना पत्रिका घरी नेऊन दिली; ते आले, फोटो काढला आणि चहाआधी गेले. असो.

आभार मानताना दरवर्षी कुणीतरी राहतं, म्हणून यंदा लिहूनच काढतोय: दोऱ्या कापून टोकं मेणात बुडवणाऱ्या वहिनी, व्हीलचेअर ढकलणारे वॉर्डबॉय, परीक्षा तोंडावर असूनही आलेल्या थेरपीच्या विद्यार्थिनी, उसना माइक देणारे मंडपवाले, पोहे करणाऱ्या कँटीनच्या मावशी, बँड परत आणून देणाऱ्या सिस्टर. आणि लिफ्टमन काका. गेल्या वर्षी त्यांचा उल्लेख राहिला, तेव्हापासून ते मला ‘जिने चढा, व्यायाम होईल’ म्हणतात.