आईच्या डोळ्यातला लिंफोमा: निदान होईपर्यंतच जीव मेटाकुटीला आला

आम्ही कुडाळचे. आई सारखी म्हणायची, "माका सगळा जाळ्यातसून बघल्यासारख्या वाटता." मोतीबिंदूचं ऑपरेशन तर आधीच झालेलं, डोळा लाल नाही की दुखत नाही. युव्हायटिस, म्हणजे डोळ्याच्या आतली सूज, म्हणून स्टिरॉइड सुरू झालं, नजर सुधारली, डोस कमी केला की परत धूसर. बरेच महिने हेच.

मुंबईत रेटिनाच्या डॉक्टरांनी पहिल्यांदा सांगितलं की साठीनंतर सुरू झालेला आणि स्टिरॉइड काढलं की उलटणारा युव्हायटिस म्हणजे लिंफोमाची, पांढऱ्या पेशींच्या कॅन्सरची, शंका घ्यायलाच हवी, कारण स्टिरॉइडने या पेशीही तात्पुरत्या मरतात. मग तपासणीसाठी स्टिरॉइडच बंद केलं, म्हणजे दिसतंय तेही कमी होणार, आई जाम चिडली, आणि तिचं काही चुकत नव्हतं. विट्रेक्टोमी करून डोळ्यातल्या जेलीचं सॅम्पल काढतात, पण पेशी इतक्या नाजूक की सॅम्पल ताबडतोब लॅबला पोचावं लागतं. पहिला रिपोर्ट नक्की काहीच सांगेना. दुसऱ्या डोळ्याच्या सॅम्पलमध्ये मोठ्या बी पेशी (या कॅन्सरच्या पांढऱ्या पेशी) दिसल्या, इंटरल्युकिन १० हे प्रथिन इंटरल्युकिन ६ पेक्षा जास्त आलं, एमवायडी८८ या जीनमधलं म्युटेशनही सापडलं, तेव्हा कुठे नाव ठरलं. हाच आजार बऱ्याच जणांना पुढे मेंदूत जातो म्हणून एमआरआय आणि पाठीतलं पाणी तपासलं. सुदैवाने दोन्ही क्लिअर.

उपचारात डोळ्यात मेथोट्रेक्सेट या कॅन्सरच्या औषधाचं इंजेक्शन, ४०० मायक्रोग्रॅम. महिनाभर आठवड्यातून दोनदा, मग दोन महिने दर आठवड्याला, मग नऊ महिने महिन्याला एक, पूर्ण कोर्स धरला तर एका डोळ्यात २५. ऐकूनच मला घाम फुटला, आई मात्र म्हणाली सुई कळतच नाही. त्रास झाला तो नंतर, बुबुळावर ओरखडे आल्यासारखी आग आणि पाणी, मग डॉक्टरांनी अंतर वाढवलं. पहिले महिने डोंबिवलीला मामाकडेच मुक्काम, कुडाळहून ये-जा करणं शक्यच नव्हतं.

शिरेतून मोठ्या डोसचं मेथोट्रेक्सेट द्यायचं की नाही यावर दोन डॉक्टरांची दोन मतं. आजार फक्त डोळ्यात असेल तर हे दिल्याने मेंदूतला धोका टळतोच असं कोणी ठाम सांगत नाही, आणि त्यात किडनी सांभाळायची, सलाइन, लघवीचा पीएच सारखा बघायचा, मागून त्याचा उतारा म्हणून ल्युकोव्होरिन. आईच्या किडनीचे रिपोर्ट बॉर्डरवर, म्हणून आम्ही सध्या फक्त डोळ्याचं घेतलं. बरोबर की चूक, देवाक ठावक.

आता आई पेपर वाचते. एमआरआय ठरावीक महिन्यांनी चालूच राहणार. पुढची तारीख नेमकी गणपतीच्या आधी आलीय, तुतारी एक्सप्रेसचं मुंबईला जायचं तिकीट लगेच मिळालं, यायचं अजून वेटिंगवर आहे.