तुझ्याशी बोलायचं तरी कसं, असं विचारता म्हणून

हा प्रश्न इतक्या जणींनी विचारलाय की एकदाच लिहून टाकते. मूल व्हावं म्हणून माझे उपचार चाललेत; ती फाइल तुम्हाला माहीत आहे, पुन्हा उघडत नाही.

आधी ते "टेन्शन घेऊ नकोस, आपोआप राहील" बंद करा. २०११ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये १४ अभ्यासांतल्या साडेतीन हजारांवर स्त्रियांची माहिती एकत्र तपासली होती. उपचारांआधीच्या मानसिक ताणाचा आयव्हीएफ, म्हणजे शरीराबाहेर गर्भ तयार करण्याचा उपचार, यशस्वी होण्या-न होण्याशी संबंध दिसला नाही. तुमच्या सल्ल्यानं होतं इतकंच, की निगेटिव्ह रिपोर्टचं खापरही माझ्याच डोक्यावर फुटतं. एएमएच (स्त्रीबीजांचा साठा दाखवणारा आकडा) कमी, नळी बंद, वर स्वभावही वाईट! मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी साधारण निम्म्यांत पुरुषाकडचंही कारण असतं, पण माझ्या नवऱ्याला हा सल्ला कुणी दिल्याचं मी ऐकलेलं नाही.

आता बहिणीचं. तिला दिवस गेलेत हे मला पाचव्या महिन्यात कळलं, तेही भाच्याकडून, व्हिडिओ कॉलवर. "आईच्या पोटात बाळ आहे, पण तुला सांगायचं नाहीये." माझ्या आईनं फोन ओढून घेतला आणि भलताच विषय काढला. मी हसून अभिनंदन केलं, तारीख विचारली, मुलगी झाली तर मज्जा, वगैरे बोलले. मला ते बरं जमतं.

नंतर हळूहळू कळत गेलं. कुणी काय बोलायचं नाही, हे घरात ठरलं होतं. मध्यंतरी तिला रक्तस्राव झाला, डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलं होतं. त्याच दिवसांत मी रोज फोनवर तिच्याकडे माझ्या इंजेक्शनांचं रडत होते. ती पडल्या पडल्या "हो गं, हो गं" करत ऐकायची. तिला भीती वाटत असताना तिचा हात धरायला मी चालले नसते का? मला आई होता येत नाहीये, पण मोठी बहीण तर मी होतेच ना!

"तूच म्हणाली होतीस," ती म्हणते. म्हणाले होते. ट्रान्सफरनंतर, म्हणजे गर्भ पोटात सोडल्यावर, बीटा एचसीजीची (दिवस राहिलेत का हे सांगणाऱ्या रक्ततपासणीची) वाट बघण्याच्या दोन आठवड्यांत म्हणाले होते, की कुणाचीही गोड बातमी माझ्या कानावर घालू नका. तेव्हा ते अगदी मनापासून होतं आणि पुढची ट्रान्सफर झाली की परत तसंच म्हणेन. मग त्यांनी वागायचं कसं? मला सांगता येत नाही. अजूनही नाही.

एवढं मात्र सांगते: बातमी मेसेजवर कळवा. समोर सांगितलीत की चेहरा लगेच हसरा करावा लागतो. रिपोर्टच्या दिवशी फोन करू नका, मी करेन. समुपदेशकाचं नाव सुचवायचं तर उपचार सुरू होतानाच सुचवा; मी कोसळल्यावर सुचवलंत की हिचं डोकं फिरलंय म्हटल्यासारखं लागतं.

बाळाला बघायला मी अजून गेलेले नाही. आईला वाटतं मी रागावलेय, बहिणीला वाटतं मला बघवणार नाही. दोघींचं थोडं थोडं खरं आहे. पण फोटो पाठवत जा, असं मीच तिला कळवलंय. रात्री पाठव, ऑफिसच्या वेळात नको.