पॉलिसी आहे, पण रोजच्या गोळ्यांचं काय?

घरात साठी-सत्तरीच्या पुढचं कोणी असेल तर मेडिक्लेमवर भरपूर चर्चा होते, कव्हर किती, कॅशलेस कुठे, रूम रेंटला लिमिट आहे का वगैरे, पण रोजच्या गोळ्यांचे पैसे कुठून येणार हे कोणी विचारतच नाही. आणि म्हातारपणातला दर महिन्याचा खर्च तर तिथेच असतो. आपल्याकडचा बहुतेक विमा हा ॲडमिट झालेल्या माणसाचा विमा आहे. बीपी, शुगर, थायरॉइड, हार्ट, काचबिंदू, म्हणजे घरी बसून वर्षानुवर्षं जी औषधं घ्यायची त्यांना त्यात जागाच नाही. ओपीडीचं कव्हर देणाऱ्या काही पॉलिसी असतात, पण त्यांची मर्यादा छोटी आणि ज्येष्ठांसाठी प्रीमियम इतका की हिशोब जुळत नाही.

आमच्या बाबांचंच सांगते. अँजिओप्लास्टी झाली तेव्हा बिल मोठं होतं, विमा कंपनीने कॅशलेस मंजूर केलं, डिस्चार्जनंतरच्या ६० दिवसांची औषधंही पॉलिसीत होती, बिलं पाठवली आणि पैसे आले. पण स्टेंट टाकल्यावर रक्त गोठू न देणाऱ्या दोन गोळ्या साधारण वर्षभर घ्यायच्या असतात, त्यातली एक पुढेही चालू राहते, कोलेस्टेरॉलची गोळी कायमची, बीपी-शुगर तर आधीपासूनच होतं. ६१व्या दिवसापासून हे सगळं आपल्या खिशातून. बाबा नाशिकला सातपूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यातून रिटायर झालेत, पेन्शन ईपीएस-९५ चं, म्हणजे खाजगी नोकरदारांच्या पीएफ पेन्शन योजनेचं. त्या पेन्शनची किमान रक्कम २०१४ साली १००० रुपये ठरली, बाबांना त्यापेक्षा थोडं जास्त मिळतं इतकंच, आणि गोळ्यांचं महिन्याचं बिल त्याच्या दुपटीच्या वर जायला लागलं. आम्ही मुलं पैसे देतोच, पण आयुष्यभर स्वतःच्या पैशावर जगलेल्या माणसाला दर महिन्याला मुलीपुढे बिल ठेवायला किती जड जातं हे मी बघितलंय.

एक दिवस त्यांचा औषधांचा डबा आवरत होते तर त्यात स्टेंटनंतरच्या गोळीचे अर्धे अर्धे तुकडे सापडले, ब्लेडने नीट कापून स्ट्रिपच्या चांदीच्या कागदात परत गुंडाळलेले. गोळी सकाळ-संध्याकाळ एकेक घ्यायची होती. विचारलं तर म्हणाले, "अगं, सकाळी अर्धी घेतो, संध्याकाळची राहू देतो, बरं वाटतंय ना मला, काय होतंय तेवढ्याने!" त्या गोळीत असं केलं तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन पुन्हा अटॅक येऊ शकतो. मला रडूच फुटलं. त्यानंतर मी ज्या ज्या घरी विचारलं तिथे हे कमीजास्त चालूच होतं, कोणी शुगरची गोळी एक दिवसाआड घेतंय, कोणी पेन्शन जमा होईपर्यंत बीपीची बंद ठेवतंय. कुणी मुलांना सांगत नाही, डॉक्टरांना तर नाहीच नाही. त्यामुळे तुमच्या घरी आई-वडील असतील तर "गोळ्या घेता ना?" असं विचारू नका, त्याला उत्तर हो असंच येतं. स्ट्रिपा मोजा. महिन्याच्या शेवटी किती उरल्या ते बघा.

मग मी बाबांच्या सगळ्या चिठ्ठ्या घेऊन आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे जाऊन बसले. हार्टवाले, शुगरवाले आणि गुडघ्यासाठी दाखवलेले हाडांचे डॉक्टर, तिघांनी आपापलं लिहिलेलं. ॲसिडिटीच्या दोन वेगवेगळ्या नावांच्या गोळ्या निघाल्या, आत औषध एकच. दोन व्हिटॅमिनं कधीचीच बंद करायची होती ती चालूच. डॉक्टरांनी हार्टच्या डॉक्टरांशी फोनवर बोलून यादी कमी केली आणि प्रत्येक गोळीपुढे आतल्या औषधाचं नाव लिहून दिलं. पहिली बचत ही अशी झाली, एकही गरजेची गोळी न सोडता. म्हाताऱ्या माणसाची सगळी औषधं वर्षातून एकदा तरी एकाच डॉक्टरांनी एकत्र बघायला हवीत असं माझं ठाम मत आहे.

आतल्या औषधाचं नाव हातात आलं की जनऔषधी केंद्रात, म्हणजे सरकारी योजनेतल्या जेनेरिक (ब्रँडचं नाव नसलेल्या, स्वस्त) औषधांच्या दुकानात जाता येतं. ही योजना २००८ पासून आहे, आता देशात दहा हजारांच्या वर केंद्रं आहेत, आणि जनऔषधी सुगम नावाच्या ॲपवर औषध टाकलं की किंमत आणि जवळचं केंद्र दोन्ही दिसतं. बाबांची बीपीची टेल्मिसार्टन ४० ब्रँडमध्ये एक गोळी सात रुपयांच्या आसपास पडायची, तिथे दीडेक रुपयात मिळते. आईला आधी विश्वास नव्हता, "स्वस्त म्हणजे भेसळ असेल" म्हणायची. मग नवीन गोळी सुरू केल्यावर आम्ही रोज बीपी मोजून वहीत लिहिलं, आकडे होते तसेच राहिले तेव्हा तिचं समाधान झालं. पण डॉक्टरांना न विचारता बदल करू नका, विशेषतः फिटची औषधं, थायरॉइडची गोळी आणि वॉरफरिन (रक्त गोठू न देणारी गोळी) यांत तर अजिबात नको, आणि नावापुढे एसआर, एक्सआर, ईआर असं काही असेल, म्हणजे औषध हळूहळू सोडणारी गोळी असेल, तर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय ती तोडायची किंवा कुटायची नाही. अडचण येते ती कॉम्बिनेशनच्या गोळ्यांची. एका गोळीत दोन-तीन औषधं असतात, नेमकं तेच मिश्रण जेनेरिकमध्ये मिळेलच असं नाही, मग डॉक्टरांना विचारून वेगवेगळ्या गोळ्या घ्याव्या लागतात, डब्यात एक गोळी वाढते पण खर्च उतरतो. सरकारच्या आवश्यक औषधांच्या यादीतल्या औषधांच्या किमतीला वरची मर्यादा असते, कॉम्बिनेशनच्या बऱ्याच गोळ्या त्या यादीत नसतात हेही लक्षात ठेवा. आणि मर्यादा असली तरी दरवर्षी १ एप्रिलला घाऊक महागाईप्रमाणे ती वर सरकू शकते, २०२३ ला तर १२ टक्क्यांच्या वर वाढ दिली होती. यादीबाहेरच्या औषधांना वर्षाला १० टक्के वाढवायची मुभा आहे. बाबांच्या ईपीएस पेन्शनला अशी काही वाढ नसते.

अजून एक गोष्ट कळली ती फार कामाची आहे. बाबांना शुगरसाठी एम्पाग्लिफ्लोझिन लिहिलं होतं, एक गोळी साठ रुपयांच्या घरात. मार्च २०२५ मध्ये त्याचं पेटंट संपलं आणि आपल्याकडच्या बऱ्याच कंपन्यांनी तेच औषध दहा रुपयांच्या आसपास किंवा त्याहूनही कमी किमतीत आणलं. पण बाबांच्या चिठ्ठीवर नाव जुनंच छापून येत होतं आणि मेडिकलवाला चिठ्ठीप्रमाणेच देणार, त्याची काही चूक नाही. म्हणून डॉक्टरांना सरळ विचारायचं, "डॉक्टर, हेच औषध आता स्वस्तात आलंय का?" आमच्या डॉक्टरांनी दोन मिनिटांत बदलून दिलं, कुणालाही राग वगैरे आला नाही.

सरकारी दवाखान्याला नाक मुरडू नका. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, केसपेपरपासून उपचार मोफत आहेत आणि बीपी-शुगरच्या साध्या गोळ्या तिथे मिळतात. रांग असते, सकाळी लवकर जावं लागतं, ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना ते सोपं नाही हे मान्य. ज्यांनी ईएसआयमध्ये (कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्यात) किमान पाच वर्षं काढलीत आणि त्यात असतानाच वयोमानाने रिटायर झालेत त्यांना वर्षाला १२० रुपये भरून नवराबायको दोघांना ईएसआयचे उपचार मिळतात, औषधांसकट. बाबांचा पगार रिटायर होण्याआधीच ईएसआयच्या मर्यादेबाहेर गेला म्हणून त्यांना तेव्हा नाही मिळालं, पण त्यांच्या बरोबरच्या एका काकांना मिळतंय, आणि त्यांना हे माहीतही नव्हतं.

सत्तरीच्या पुढच्यांसाठी ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड आहे, उत्पन्नाची अट नाही, वर्षाला पाच लाखांपर्यंत कव्हर, ते जरूर काढा. पण तेही ॲडमिट झाल्यावरच. डिस्चार्जनंतर १५ दिवसांची औषधं त्यात येतात, पुढचं आपलं आपण बघायचं.

टॅक्सचं थोडक्यात. आईला पॉलिसीच नाही, वय आणि आजार बघून प्रीमियम परवडला नाही. ज्या ज्येष्ठांचा आरोग्य विमा नाही त्यांच्या औषधोपचाराचा ५०,००० रुपयांपर्यंतचा खर्च जुन्या करप्रणालीत उत्पन्नातून वजा मिळतो, आई-वडिलांसाठी मुलांनी केलेला खर्चसुद्धा, फक्त रोख दिलेले पैसे चालत नाहीत. म्हणून मेडिकलमध्ये यूपीआयने पैसे द्या आणि पक्कं बिल घ्या. सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झालाय, स्वतः काढलेल्या आरोग्य विम्याच्या प्रीमियमवरचा १८ टक्के तर पूर्ण गेलाय, बिलं तपासून घ्या.

एवढं सगळं करून बाबांचं महिन्याचं बिल निम्म्याच्या खाली आलं. पण हे माझ्याकडे मोबाइल, वेळ आणि ऐकून घेणारे डॉक्टर आहेत म्हणून झालं. ज्यांची मुलं लांब आहेत किंवा मुलंच नाहीत त्यांनी हे कसं करायचं? केंद्र सरकारच्या पेन्शनरांना सीजीएचएसच्या दवाखान्यातून रोजची औषधं मिळतात, माजी सैनिकांना ईसीएचएसमधून मिळतात, म्हणजे आपल्या देशात हे करता येतं. मग कारखान्यात, दुकानात, शेतात राबलेल्या माणसालाच का नाही? वय वंदना कार्डावर निदान बीपी, शुगर, हार्ट एवढ्या तीन आजारांच्या रोजच्या गोळ्या द्या. गोळ्या चुकल्या की अटॅक किंवा पॅरालिसिस होऊन तोच माणूस शेवटी त्याच कार्डावर ॲडमिट होणार, सरकारचा खर्च होणारच आहे, तो आधी करा ना. ज्येष्ठ नागरिक संघांनी आमदार-खासदारांकडे ही एक मागणी सतत लावून धरावी असं मला फार वाटतं.

आमचं एक कोडं अजून सुटलेलं नाही. आईचे काचबिंदूचे थेंब कॉम्बिनेशनचे आहेत, छोटीशी बाटली पाचशेच्या पुढे, उघडल्यावर महिनाभरच चालते. वेगवेगळ्या दोन बाटल्या घेतल्या तर स्वस्त पडतं, पण दोन्ही थेंबांच्या मध्ये पाच-दहा मिनिटं थांबावं लागतं आणि हात थरथरतो म्हणून तिला एकटीला ते जमत नाही, मी ऑफिसला गेलेली असते. कुणाच्या घरी हे असेल आणि काही मार्ग काढला असेल तर मला नक्की सांगा.