मावशीसाठी प्राणी शोधताना

दिवाळी अंकासाठीची माझी दीर्घकथा मे महिन्यात लिहून झाली आणि चित्रकाराचा फोन आला. "ताई, माणसांचे चेहरे नकोत. मावशीला शोभेल असा एखादा प्राणी सांगा, सगळ्या पानांवर तोच फिरवतो." मी म्हटलं, त्यात काय, संध्याकाळी सांगते. ती संध्याकाळ उजाडायला तीन आठवडे लागले.

आधी मावशी कोण ते सांगते. कसबा पेठेतला तिचा वाडा पाडायला निघालाय. बाकीची बिऱ्हाडं कधीच गेली. ही एकटी दिंडीदरवाजात बसून येणाऱ्याजाणाऱ्याशी भांडते. पोस्टमन, बिल्डरचा माणूस, मीटर बघायला आलेला पोरगा, कोणी सुटत नाही. गल्लीत तिची ख्याती कजाग म्हणून. मागच्या खोलीत तिचा मुलगा लपलाय, कर्ज बुडवून आलेला, आणि त्याचा गल्लीला पत्ता नाही.

"मग वाघीणच की!" चित्रकार म्हणाला. वाघीण म्हटलं की वाचक कथा वाचायच्या आधीच टाळ्या वाजवतो, म्हणून मी नको म्हटलं. शिवाय वाघीण दबा धरून असते. मावशीचा आवाज शनिवारवाड्यापर्यंत.

सासूबाई म्हणाल्या, "मांजर घे. पिल्लं सात घरं फिरवते." हे बरंच जवळ आलं होतं. पण मांजरीकडे सात घरं असतात, मावशीकडे एकच, तेही पडायला आलेलं. आणि तिचं पिल्लू छत्तीस वर्षांचं. नवऱ्याने भुंकणारं कुत्रं सुचवलं. त्यावर मी काही बोलले नाही.

मग देवांची वाहनं झाली. शीतलामातेचं गाढव, यमाचा रेडा, लक्ष्मीचं घुबड. तिथून महाभारताच्या द्रोणपर्वात रथांवरच्या ध्वजांचं वर्णन आहे, तिथे जाऊन पोचले. जयद्रथाच्या ध्वजावर वराह, कृपाचार्यांच्या बैल, घटोत्कचाच्या गिधाड. अश्वत्थाम्याच्या ध्वजावर तर अख्खा सिंहही नाही, नुसतं सिंहाचं शेपूट! पण मी अडकले जयद्रथापाशी. अभिमन्यू चक्रव्यूहात शिरल्यावर मागून येणाऱ्या पांडवांना यानेच तोंडाशी रोखून धरलं. रानडुक्कर एकदा अडलं की अडलंच. ध्वज काही त्यासाठी निवडलेला नसेल, पण मला तो तसा वाचता आला आणि माझी चूकही दिसली. मी आपली मावशीची विशेषणं जुळवत बसले होते : कजाग, चिवट, मायाळू. ती करते काय, हे लिहिलंच नव्हतं. वहीत लिहिलं, "एकीकडे ओरडते, दुसरीकडे लपवते." असं कोण करतं?

उत्तर वेताळ टेकडीवर मिळालं, तेही मी शोधत नसताना. सकाळी खाणीच्या बाजूला चालले होते, तोच एक टिटवी अंगावरच आली. टिटीव-टिटीव, टिटीव-टिटीव! डोळ्यापुढे लाल मांसाची पट्टी, गळा काळा, पाय काटकुळे पिवळे. थोडं पळायची, थांबायची, मान वर करून पुन्हा कलकलाट. मी कौतुकाने तिच्या मागे निघाले, तर मागून एक काका ओरडले, "अहो ताई, पाय जपून! ओरडते तिथे अंडी नसतात."

माझ्या चपलेपासून हातभर अंतरावर चार अंडी होती. घरटं म्हणावं असं काही नव्हतंच, मुरमात बोटभर खळगा. टोकं आत वळवून ठेवलेली, मातकट रंग, वर काळपट डाग. आजूबाजूची खडी जास्त अंड्यांसारखी दिसत होती. काका रोज येणारे. म्हणाले, उन्हाच्या तलखीत ही पाण्यात पोट भिजवून येते आणि तशीच अंड्यांवर बसते. आम्ही दोघे उलट्या पावलांनी मागे सरलो. लांब गेल्यावरच ती गप्प झाली.

घरी येऊन चित्रकाराला कळवलं. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "अगं, टिटवी ओरडली की कुणीतरी जातं म्हणतात. दिवाळीत अपशकुनी पाखरू?" पण मला नेमकं तेच हवं होतं. गल्लीही मावशीला सकाळी तोंड बघू नये अशातच मोजते. टिटवीच्या बाकीच्या गोष्टींचाही मोह झाला. पंचतंत्रातलं जोडपं अंड्यांसाठी समुद्राशी भांडतं, ज्ञानदेव स्वतःला चोचीने समुद्र मोजू पाहणारी टिटवी म्हणवतात. आभाळ पडेल म्हणून पाय वर करून झोपणारी तर सर्वांच्या ओळखीची. ती शेवटची चित्रकाराला फार आवडली, पण मी मोडता घातला. आभाळ धरल्याचा तोरा मावशीत नाही. तिला एक खोली धरायची आहे.

कथेतही एक वाक्य वाढवलं. दुपारी दार लोटून मावशी मागच्या खोलीत जाते तेव्हा तिचा पदर ओला आहे. का, ते लिहिलं नाही.

चित्रकाराला एवढंच बजावलं, की अंडी दिसता कामा नयेत. त्याने शेवटच्या पानावर नुसती खडी काढून पाठवली.

"यात अंडी आहेत?" मी फोनवर विचारलं.

"आहेत की. चार."

मी सासूबाईंचं भिंग घेऊन बसले. तीन सापडली.